ओलीच्या भिंतीला कावेचा पट्टा: सांगलीच्या गावभागातल्या एका बाहेरच्या खोलीचं प्रकरण

खोली तळमजल्यावरची, १४ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, दोन दरवाजे आणि रस्त्याकडे ४ बाय ४ ची एक खिडकी. घरात आजी, मुलगा-सून आणि शाळेतला नातू. खोली सजवायचं बजेट १८ हजार रुपये. मुदत अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे सहा आठवडे आणि वर थोडे दिवस. (घर प्रातिनिधिक आहे. गावभागात आणि नदीकाठच्या पेठांत थोड्याफार फरकानं अशीच खोली सापडते. भाव अंदाजे धरलेत, दुकानागणिक आणि हंगामागणिक हलतात.)

खोलीचा खरा प्रश्न सजावटीचा नव्हता, भिंतीचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा या खोलीत सव्वातीन फूट पाणी होतं. पाणी उतरलं, गाळ काढला, भिंत धुतली, त्यावर ऑइलपेंट मारला. दोन वर्षांत रंगाचे पोपडे निघायला लागले आणि खाली पांढरी भुकटी दिसू लागली. तो लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर किंवा रंगाच्या मागे साचतात. रंग हवा जाऊ देणारा नसला की क्षार त्याच्या पाठीमागे फुगतात आणि रंग ढकलून देतात. ऑइलपेंटचा फुगा फोडला तर आत ओली, खारट माती हाताला लागते. दुकानदार अशा वेळी ‘यापेक्षा भारी डॅम्पप्रूफ’ देतो, आणि तोही रंग त्याच रस्त्यानं जातो.

घरच्यांनी आधी विचारून ठेवलेला उपाय होता पीव्हीसी पॅनल. मजुरीसह चौरस फुटाला शंभर रुपयांच्या पुढे भाव सांगितला होता. १४ फुटांची एकच भिंत वरपासून खालपर्यंत झाकली तरी १३३ चौरस फूट, म्हणजे १३ हजारांच्या वर. एका भिंतीत बजेट संपलं असतं, आणि पॅनलच्या मागे ओल तशीच राहून बुरशीला अंधारी जागा मिळाली असती. पुढचा पूर आला की पॅनलच्या मागे गाळ अडकतो आणि तो काढायला सगळं उचकटावं लागतं. ओलीच्या भिंतीवर पॅनल, वॉलपेपर आणि प्लायवुडचं कपाट या तीन गोष्टींना आमचा सरळ नकार आहे. स्वस्तात मिळाल्या तरी.

मग ठरलं ते उलट. ओल जिथवर चढते तिथवरची भिंत श्वास घेणारी ठेवायची आणि तो भाग मुद्दाम वेगळ्या रंगाचा करायचा. जुन्या घरांत खाली कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा पट्टा आणि वर पांढरी सफेती असायची. तो नुसता शोभेचा प्रकार नव्हता. खालचा भाग खराब होणारच, तो दरवर्षी स्वस्तात पुन्हा रंगवता यावा, हा त्यामागचा हिशोब होता. ३ फुटांचा पट्टा चारही भिंतींवर फिरवला की ‘इथं ओल आहे’ असं कुणाला वाटत नाही, खोली तशीच आखलेली दिसते.

ओल कुठून येते हे आधी तपासलं. १ फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर ते खोलीतल्या दमट हवेचं आहे आणि खिडकी उघडी ठेवून भागेल. इथं तीन ठिकाणी तुकडे लावले. रस्त्याकडच्या भिंतीला आत थेंब आले, ते जमिनीतून चढणारं पाणी. न्हाणीघराकडच्या कोपऱ्यातला तुकडा तर सहा तासांतच भिजला. तिथं नळाचा सांधा गळत होता. प्लंबरनं ६०० रुपयांत सांधा बदलला. हे केलं नसतं तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

पितृपंधरवड्याचा उपयोग

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खालच्या ३ फुटांचा ऑइलपेंट आणि डिस्टेंपर खरवडून काढला. पत्रीनं, म्हणजे खरवडायच्या पात्यानं निघाला तेवढा पत्रीनं, बाकीचा तारेच्या ब्रशनं. ठोकून पोकळ वाजणारा गिलावा पाडला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा केला आणि कचऱ्यात टाकला. इथं बहुतेक घरांत चूक होते. भिंत स्वच्छ दिसावी म्हणून लोणा पाण्यानं धुतात. क्षार विरघळतात, पुन्हा भिंतीत शिरतात आणि पंधरा दिवसांत तिथंच वर येतात.

पितृपंधरवड्यात घरात नवं काम काढत नाहीत. पण ते दोन आठवडे भिंतीला सुकायलाच हवे होते, त्यामुळे कुणाचाच खोळंबा झाला नाही. पंखा भिंतीकडे तोंड करून रोज चार-पाच तास चालू ठेवला आणि लोणा वर आला की दर दोन दिवसांनी झाडला. इतक्या दिवसांत भिंत पूर्ण कोरडी होत नाही. जाड विटेच्या भिंतीला महिने लागतात. म्हणूनच वर चुना घ्यायचा, कारण त्याला थोडी ओल चालते.

घटस्थापनेला गवंडी आला. पाडलेल्या जागी चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा, एका थराला १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. गवंडी सिमेंटच घालतो म्हणत होता, ते लवकर बसतं म्हणून. पण ओलीच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा घातला की पाण्याला तिथून बाहेर पडता येत नाही, ते वर चढतं आणि पट्ट्याच्या वर, नव्या रंगातून डोकं काढतं. चुन्याच्या गिलाव्यावर आठवडाभर दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपडलं. गवंडी, बिगारी आणि माल मिळून २,४०० रुपये.

चुना आणि काव

पट्ट्याचं क्षेत्रफळ: परिमिती ४८ फूट गुणिले ३ फूट, १४४ चौरस फूट. त्यातून दोन दरवाजांचे १८ वजा, उरले १२६. खिडकीची चौकट जमिनीपासून ३ फुटांवरच सुरू होते, त्यामुळे तिचं काही वजा होत नाही. एवढ्याला तीन हात देण्यासाठी ४ किलो कळीचा (न विरवलेला, खड्यांचा) चुना, २० लिटर पाणी, ८० ग्रॅम डिंक आणि ४०० ग्रॅम काव पुरते, वर थोडं उरतं.

चुना लोखंडी ड्रममध्ये विरवायचा. प्लॅस्टिकची बादली नको, ती उष्णतेनं वितळून वाकते. ड्रममध्ये आधी निम्मं पाणी घ्यायचं आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडायचे. खड्यांवर पाणी ओतलं तर चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, नातू घराबाहेर. डोळ्यात उडालाच तर भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. विरलेला चुना २४ तास झाकून ठेवला, मग उरलेलं पाणी घालून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळला. गाळायचा कंटाळा केला की कुंच्याच्या प्रत्येक ओढीला खडे रेघा मारतात.

काव किती घालायची यावर या घरात वाद झाला. आजींना पूर्वीच्या वाड्यासारखा गडद लाल पट्टा हवा होता. पहिल्या नमुन्यात काव चुन्याच्या चौथा हिस्सा घातली. रंग सुंदर आला, पण सुकल्यावर हात फिरवला की तळवा लाल. चुना जेवढी काव धरून ठेवू शकतो त्याच्या वर गेलं की ती नुसती भुकटी म्हणून भिंतीवर बसते आणि टेकणाऱ्याच्या पाठीवर जाते. दहाव्या हिश्शाच्या आत राहिलं तर टिकते. त्या प्रमाणात रंग येतो तो भाजक्या कौलासारखा, फिकट विटकरी. ओला असताना बादलीत बराच गडद दिसतो, म्हणून भिंतीवर एक फूटभर नमुना लावून दिवसभर सुकू दिल्याशिवाय ‘आणखी घाला’ म्हणू नये. ज्यांना पिवळसर हवं त्यांनी कावेऐवजी पिवडी घ्यावी, प्रमाण तेच. दोन्ही मातीचे रंग, चुन्यात उडत नाहीत. बाजारातले भडक कापडी रंग मात्र चुना खाऊन टाकतो.

रंगाचा क्रम महत्त्वाचा. चुना प्लॅस्टिक पेंटवर धरत नाही, म्हणून वरचा इमल्शन (तो प्लॅस्टिक पेंटच) आधी आणि बरोबर रेषेपर्यंतच. रेषा फरशीपासून टेपनं मोजून काढली तर जुन्या घरात ती तिरकी येते, कारण फरशीच उतरती असते. इथं १४ फुटांत पाऊण इंच उतार निघाला. पाण्याच्या पारदर्शक नळीनं चारही कोपऱ्यांत पातळी काढून सूत मारलं. मग भिंतीवर आधी किंचित पाणी मारायचं आणि चुना दुधासारखा पातळ ठेवून कुंचा पहिल्या हाताला उभा, दुसऱ्याला आडवा, तिसऱ्याला पुन्हा उभा फिरवायचा. दोन हातांमध्ये एक दिवस. जाड एकच हात दिला की तडे जातात आणि पापुद्रे सुटतात.

एक घोळ झालाच. रंगाऱ्यानं खिडकीखालच्या दोन फुटांत सवयीनं पुट्टी ओढली. ‘वहिनी, भिंत गुळगुळीत नको का?’ पुट्टीवर चुन्याचा तिसरा हात सुकताच सालपट निघालं. तेवढा भाग पुन्हा खरवडून पुन्हा तीन हात द्यावे लागले, चार दिवस गेले. ओलीच्या भागात पुट्टी नाही, हे रंगाऱ्याला तोंडी सांगून पुरत नाही. भिंतीवर खडूनं लिहून ठेवावं.

वरच्या भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस फूट आणि छत १४०, एकूण ४१०. मध्यम प्रतीचा इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ११५ चौरस फूट जातो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. चार लिटरचा एक डबा पुरला, कारण छत आणि भिंत एकाच हस्तिदंती रंगात केली. त्यानं वेगळा डबाही वाचला आणि छत जरा उंच वाटू लागलं, भिंत कुठं संपते ती कड दिसत नाही म्हणून. प्रायमरसह रंग १,८०० रुपये, चुना-काव-डिंक ५००, रंगाऱ्याची चार दिवसांची मजुरी ३,६००.

फरशी

शहाबादी फरशीवर पैसे लागले नाहीत, पण लागणार होते. सूनबाईंनी ती उजळावी म्हणून संडासाचं ॲसिड आणून ठेवलं होतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड. ॲसिड त्याला खातं, वरचा गुळगुळीत थर जातो, पांढरे डाग पडतात आणि पुढे मळ आणखी धरतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश एवढंच वापरलं. दरजांतला काळा गाळ जुन्या टूथब्रशनं निघाला. फरशीचा निळसर राखाडी आणि वरचा विटकरी पट्टा एकमेकांना इतके साजरे दिसतात की खाली गालिचा घालायचा विचारच सोडून दिला. घरातली घोंगडी दोन दिवस उन्हात टाकून, कसर झाडून दिवाणासमोर पसरली.

उजेड

खोलीत एकच पांढरी ट्यूब होती, साडेसहा हजार केल्विनची. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर. त्या निळसर उजेडात कावेचा रंग मातकट दिसतो. पॅकेटवर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेले पिवळसर एलईडी बल्ब घेतले: ९ वॉटचे दोन, कोनाड्यासाठी ५ वॉटचा एक. ट्यूब काढली नाही. नातवाचा अभ्यास आणि तांदूळ निवडणं तिच्याच उजेडात होतं. फक्त तिचा स्विच वेगळा ठेवला.

एका बल्बला बुरडाची १४ इंची टोपली उलटी टांगली, १५० रुपयांची. तळाला होल्डर बसेल एवढं भोक पाडलं, काडी तुटू नये म्हणून त्याच्या कडेनं सुतळी गुंडाळली. टोपलीचं वजन वायरवर नको. छताच्या हुकाला दोरी बांधून तिच्यावर घ्यायचं, वायर सैल ठेवायची. बल्ब आणि बांबू यांत चार इंच अंतर, आणि बल्ब एलईडीच. जुना तारेचा बल्ब तापून बांबू काळा करतो, पेटवूही शकतो. रात्री छतावर टोपलीच्या विणीची जाळी पडते. सगळ्या खोलीत पाहुण्यांची नजर पहिली जाते ती तिकडे.

वायरमन आलाच होता म्हणून जमिनीलगतचे दोन सॉकेट साडेचार फुटांवर नेले, १,८०० रुपये. हा खर्च सजावटीत कशाला, असं घरात विचारलं गेलं. २०१९ ची पाण्याची खूण सव्वातीन फुटांवर होती, २०२१ मध्येही नदी पात्राबाहेर आली. अशा खोलीत खाली सॉकेट ठेवून त्यावर भिंत रंगवणं म्हणजे तीच भिंत पुन्हा फोडायची तयारी करणं.

काय काढलं, काय ठेवलं

खोलीतली सर्वांत मोठी वस्तू होती प्लायवुडची शोकेस. तिचे पाय पुरात फुगून सुटले होते आणि आत तीस-पस्तीस वस्तू: लग्नातल्या भेटी, रिकाम्या अत्तराच्या बाटल्या, बिनसेलची खेळणी. शोकेस भंगारात गेली. खोली तेवढ्यानंच दीड फुटानं रुंद झाली आणि एकही रुपया लागला नाही. कमी खर्चात घर सजवणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी आणि आठ दिवस खोली अर्धी रिकामी ठेवावी. बहुतेक वेळा काही विकत आणायची इच्छाच निम्मी होते.

कोनाड्यात पितळी समई, तांब्या आणि आजींचा पानाचा डबा, तीनच वस्तू. लोखंडी ट्रंक घासून, गंजरोधक प्रायमर आणि काळा मॅट रंग देऊन दिवाणापुढे टीपॉय म्हणून ठेवली. रंग घरात होता. बसवलेलं फर्निचर मुद्दाम काहीच केलं नाही. पाणी चढायला लागलं की दोन माणसांना अर्ध्या तासात वर नेता येईल एवढंच सामान या खोलीत असावं.

सागवानी दिवाण होता तसा ठेवला. पुसून, बारीक पॉलिश पेपर मारून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून सुकवावीत, मगच टाकावीत. गादीचा कापूस पिंजून घेतला, जाड्याभरड्या सुती कापडाची खोळ शिवली, दोन लोड. २,२०० रुपये. दिवाण आतल्या कोरड्या भिंतीला, तरी ३ इंच सोडून.

पडद्याला मादरपाट. इचलकरंजी जवळ असल्यानं सुती कापड सांगलीत रास्त भावात मिळतं. खिडकी ४ फूट, पण दांडी साडेपाच फूट घेतली, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच जास्त, आणि चौकटीवर न लावता साडेसात फुटांवर. पडदा बाजूला सारला की काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. चुणी नीट पडायला कापड दांडीच्या दुप्पट लागतं: ११ फूट, म्हणजे ४४ इंची पन्ह्याचे तीन तुकडे. लांबी ९० इंच, वरची-खालची दुमड ९ इंच, आटण्यासाठी ५ इंच, एकूण १०४. तीन तुकड्यांना ८ मीटर. सगळं कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवलं. कोरा मादरपाट न भिजवता शिवला की पहिल्याच धुण्यात पडदा फरशीपासून चार इंच वर जातो. कापड ५६०, शिलाई ३००, दांडी ४००.

फोटो. भिंतीवर अकरा तसबिरी आणि दोन कॅलेंडरं होती, सगळी छताला लागून, सुतळीवर पुढे झुकलेली. पाच निवडल्या, फ्रेम एकाच काळ्या पट्टीच्या, ९०० रुपये. मधली १४ बाय १८ इंच, दोन्ही बाजूंना १२ बाय १० च्या दोन-दोन एकावर एक, सगळीकडे ३ इंच अंतर. रुंदी ४४ इंच, ६ फुटी दिवाणावर ती बेताची बसते. फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर असावा हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. तो उभ्यानं बघण्याच्या भिंतीसाठी ठीक आहे. दिवाणावर बसलेल्याचं डोकं ५५ इंचांच्या आसपास येतं, त्या नियमानं लावलं तर आजोबांच्या फ्रेमला पाहुण्यांचं तेल लागतं. इथं सर्वांत खालची कड ५४ इंचांवर घेतली. लोड आणि सोडलेल्या ३ इंचांमुळे डोकं भिंतीपर्यंत पोचत नाही. आधी वर्तमानपत्राचे तुकडे त्याच मापात कापून भिंतीला चिकटवले, एक दिवस येता-जाता पाहिले, मग ६ मिलिमीटरचं भोक, गिट्टी (भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) आणि ३५ मिलिमीटरचा स्क्रू. नुसता खिळा गिलाव्यात ठोकला तर गिलाव्यासकट येतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत रबरी बटणं चिकटवली, म्हणजे मागून हवा खेळते. मूळ फोटो स्कॅन करून घेतले आहेत, फ्रेममध्ये प्रती आहेत.

उजेड आणि टोपलीचे १,२००, मनी प्लांट व कुंड्या ४००, स्क्रू-गिट्टी १५०, ब्रश-पॉलिश पेपर-चिकटपट्टी ४५० धरून एकूण १७,२६० रुपये झाले. ७४० उरले.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, न्हाणीघराच्या कोपऱ्यात दीड फूट लांबीचा लोणा पुन्हा आला. येणारच होता, भिंतीत अजून क्षार आहेत. कोरड्या ब्रशनं झाडला आणि उरलेल्या विटकरी चुन्याचे दोन पातळ हात एक दिवसाच्या अंतरानं दिले. काम अर्ध्या तासाचं, खर्च नाही. तो चुना जिन्याखाली झाकणाच्या डब्यात आहे. वर दोन इंच पाणी ठेवलं तर तो वर्षानुवर्षं बिघडत नाही, फक्त पाणी कमी झालं की घालायचं आणि वापरण्याआधी तळापासून ढवळायचं, कारण काव खाली बसते.